चमत्कार म्हणू नका, तयारी म्हणा

युरोपातील राष्ट्रीय संघांची फुटबॉल स्पर्धा, म्हणजे ‘युरो’, दर चार वर्षांनी होते. २०२० ची स्पर्धा करोनामुळे वर्षभर पुढे गेली आणि ११ जून २०२१ रोजी रोममध्ये सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी कोपेनहेगनच्या पार्केन मैदानावर डेन्मार्क आणि फिनलंड समोरासमोर होते. मध्यंतराला दोन-तीन मिनिटे उरली असताना, थ्रो-इनवरून येणाऱ्या चेंडूकडे निघालेला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन पुढे झुकला आणि कोसळला. कुणाची धडक नाही, कुणाचा पाय लागलेला नाही. वय अवघे २९. भारतात तेव्हा शनिवारची रात्र होती, सव्वादहाच्या सुमारास. इथल्या फुटबॉलवेड्यांनीही ते दृश्य थेट पाहिले.

पंच अँथनी टेलर यांनी काही सेकंदांतच खेळ थांबवून डॉक्टरांना आत बोलावले. कर्णधार सिमॉन केअर धावत आला. पाठोपाठ डेन्मार्कच्या संघाचे डॉक्टर मॉर्टेन बोएसन आणि सामन्यासाठी नेमलेले जर्मन डॉक्टर येन्स क्लाइनफेल्ड पोहोचले. एरिक्सनची छाती दाबणे सुरू झाले, एईडी यंत्र लावले गेले, एक शॉक दिला गेला आणि हृदय पुन्हा चालू झाले. सहकारी खेळाडू पाठ आत करून, त्याच्याभोवती कडे करून उभे होते. स्ट्रेचरवरून बाहेर नेला जात असताना तो शुद्धीवर होता. सहा दिवसांनी तो रुग्णालयातून घरी गेला. पुढच्या युरोत, १६ जून २०२४ रोजी, स्टुटगार्टमध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध डेन्मार्कचा पहिला गोल त्यानेच केला.

या साऱ्या घटनेला जगभरच्या बातम्यांत एकच शब्द चिकटला: चमत्कार. भावना समजण्यासारखी आहे. पण वैद्यकीयदृष्ट्या हा शब्द चुकीचा आहे आणि थोडा घातकही. चमत्काराची तयारी करता येत नाही. तो घडला तर देवाची कृपा आणि नाही घडला तर नशीब, असे म्हणून माणूस मोकळा होतो. कोपेनहेगनमध्ये जे घडले त्याची तयारी करता येते, ती शिकवता येते, तिच्यासाठी पैसे मंजूर करता येतात आणि ती केली नाही तर जाबही विचारता येतो. म्हणून हा शब्दांचा खेळ नाही.

झटका वेगळा, थांबणे वेगळे

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. मराठी बातम्यांत अशा प्रत्येक प्रसंगाला ‘हृदयविकाराचा झटका’ म्हटले जाते. हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. हा पाण्याच्या नळाचा बिघाड म्हणा. रुग्णाच्या छातीत दुखते, घाम फुटतो, पण बहुतेकदा तो शुद्धीवर असतो, बोलतो, रिक्षात बसून दवाखान्यात येतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट हा विजेचा बिघाड आहे. हृदयाचे ठोके ज्या विद्युत संदेशावर चालतात तो संदेश एकाएकी विस्कटतो. हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते. थरथरणारे हृदय रक्त ढकलू शकत नाही. काही सेकंदांत मेंदूचा पुरवठा तुटतो आणि माणूस उभ्या जागी पडतो. हार्ट अटॅकमुळे असा अरेस्ट होऊ शकतो, पण हृदयाच्या स्नायूचा जन्मजात दोष, हृदयाला आलेली सूज, विद्युत यंत्रणेतील आनुवंशिक बिघाड अशी इतरही कारणे असतात. तरुण खेळाडूंमध्ये बहुधा हीच असतात.

यातला कळीचा मुद्दा वेळेचा. रक्तपुरवठा थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूची कायमची हानी सुरू होते. छाती दाबली नाही आणि शॉक दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. दहा मिनिटांनंतर फारसे काही उरत नाही. छाती दाबण्याने थरथरणारे हृदय सहसा सुरळीत होत नाही. बाहेरून दाब देऊन थोडेफार रक्त मेंदूपर्यंत पोहोचवत राहणे, म्हणजेच वेळ विकत घेणे, एवढेच ते काम. खरा इलाज शॉक. पण शॉक मिळेपर्यंत मेंदू जिवंत ठेवला नसेल, तर तो इलाज कुणावर करायचा?

बोएसन यांनी नंतर सांगितलेला तपशील डॉक्टरांनी आणि इतरांनीही लक्षात ठेवावा असा आहे. ते पोहोचले तेव्हा एरिक्सन कुशीवर होता, श्वास चालू होता, नाडीही लागत होती. मग अचानक चित्र पालटले आणि छाती दाबायला सुरुवात करावी लागली. म्हणजे ‘श्वास चालू आहे ना, मग ठीक आहे’ असे म्हणून कुणी नजर वळवली असती, तर तीच मिनिटे हातची गेली असती. पडलेल्या माणसाकडे एकदा पाहून भागत नाही, पाहत राहावे लागते.

तपासणी पुरेशी का नाही

अशी घटना घडली की पहिला प्रश्न येतो: याची तपासणी केली नव्हती का? केली होती. एरिक्सन २०१३ ते २०२० या काळात लंडनच्या टॉटनहॅम क्लबमध्ये होता. तिथे त्याच्या हृदयाच्या तपासण्यांशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ संजय शर्मा यांनी घटनेनंतर सांगितले, की त्याचे अहवाल दरवर्षी सामान्य येत होते. कोसळला तेव्हा तो इटलीच्या इंटर मिलान क्लबकडून खेळत होता आणि खेळाडूंच्या हृदयतपासणीबाबत इटलीइतका कडक देश क्वचितच असेल.

इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंसाठी ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. व्हेनेतो प्रांतातील अभ्यासात त्यानंतरच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूचे वार्षिक प्रमाण लाखात ३.६ वरून ०.४ वर आल्याचे दिसले, म्हणजे ८९ टक्क्यांची घट. तेव्हा तपासणी निरुपयोगी आहे असे कुणी म्हणू नये. पण तिची मर्यादा दाखवणारा दुसरा अभ्यास इंग्लंडचा आहे. तिथल्या फुटबॉल संघटनेच्या कार्यक्रमात १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोरवयीन फुटबॉलपटूंची ईसीजी आणि इकोसह तपासणी झाली. ४२ जणांमध्ये जिवाला धोका ठरू शकेल असा दोष सापडला आणि त्यांच्यावर उपचार वा निर्णय करता आले. मात्र पुढे ज्या आठ जणांचा हृदयाच्या कारणाने आकस्मिक मृत्यू झाला, त्यांतील सहा जणांची तपासणी सामान्य ठरली होती. काही दोष वयानुसार उशिरा प्रकटतात, काही आजार तपासणीनंतर होतात आणि काही दोष हृदय शांत असताना ईसीजीवर दिसतच नाहीत.

याचा अर्थ सरळ आहे. तपासणी ही चाळणी आहे आणि चाळणीतून काही खडे निसटणारच. निसटलेला खडा दाताखाली आल्यावर काय करायचे, हे आधी ठरलेले असायला हवे. भारतात मात्र अशा प्रत्येक बातमीनंतर ‘हृदयतपासणी पॅकेज’च्या जाहिराती वाढतात आणि घाबरलेला मध्यमवर्ग रांगेत उभा राहतो. अहवाल सामान्य आला की तो निर्धास्त होतो. त्याच्या जिममध्ये, कार्यालयात किंवा घरात छाती दाबता येणारा एक तरी माणूस आहे का, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. त्या प्रश्नाची जाहिरात कोण करणार?

घटनेनंतर काही तासांतच समाजमाध्यमांवर दुसरे एक उत्तर तयार झाले होते: करोनाची लस. इंटर मिलानच्या पदाधिकाऱ्यांनी एरिक्सनने तोवर लस घेतलेलीच नव्हती, हे स्पष्ट केले. तरीही ती अफवा फिरत राहिली. भारतातही नाचताना, व्यायाम करताना कोसळलेल्या माणसांचे व्हिडिओ अशाच मजकुरासह फिरतात. त्या व्हिडिओंत पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच असते. माणूस पडल्यावर भोवतीचे लोक काय करतात? कुणी हाका मारतो, कुणी तळवे चोळतो, कुणी पाणी आणतो, कुणी चित्रीकरण करतो. छातीवर हात क्वचितच पडतो.

मृत्यूंनी शिकवलेले धडे

फुटबॉलच्या मैदानांना ही तयारी जन्मजात नव्हती. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील ल्यों येथे कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात कॅमेरूनचा मार्क-विवियन फोए, वय २८, असाच एकटा कोसळला. त्याला मैदानाबाहेर नेऊन बराच वेळ प्रयत्न झाले, पण तो वाचला नाही. त्याच्या हृदयाचा स्नायू जन्मजात दोषाने जाड झालेला होता. त्या मृत्यूने फुटबॉलचे प्रशासन हादरले. २००६ च्या विश्वचषकापासून स्पर्धेआधी खेळाडूंची हृदयतपासणी सुरू झाली आणि मैदानाच्या कडेला शॉक देणारे यंत्र व ते वापरणारी माणसे असणे हळूहळू नियमाचा भाग बनले.

१७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा कोसळला तेव्हा ही तयारी कामी आली. त्याचे हृदय स्वतःच्या बळावर ७८ मिनिटे चालत नव्हते. तेवढा वेळ त्याची छाती दाबली जात होती, शॉकमागून शॉक दिले जात होते. प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञही मदतीला मैदानात उतरला. मुआम्बा वाचला. पुन्हा खेळला नाही, पण वाचला.

या मालिकेत गोव्याशी जोडलेले एक दुःखद पान आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना गोव्याचा धेंपो क्लब आणि कोलकात्याचा मोहन बागान यांच्यात झाला. धेंपोचा ब्राझीलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनिअर दुसरा गोल करताना प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर कोसळला आणि दगावला. धेंपोने चषक जिंकला तो अशा दिवशी. मैदानावरची वैद्यकीय व्यवस्था तोकडी होती, अशी टीका तेव्हा सर्वत्र झाली. धडक बसून कोसळणे आणि आपोआप कोसळणे यांत वैद्यकीय फरक आहे. पण दोन्ही वेळी पहिल्या दोन मिनिटांत धावत येणारी माणसे आणि त्यांच्या हातातली साधने सारखीच लागतात.

डेन्मार्कने आधी काय केले होते

एरिक्सन ज्या देशात कोसळला, तो देशही या कथेचा भाग आहे. युरोसारख्या स्पर्धेत मैदानावर डॉक्टर आणि यंत्र असणारच. पण जेमतेम ५८ लाख लोकवस्तीच्या डेन्मार्कने ही तयारी मैदानाबाहेर, सामान्य माणसांतही रुजवली होती. तिथे २००५ पासून प्राथमिक शाळांत छाती दाबण्याचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. ऑक्टोबर २००६ पासून वाहन चालवण्याचा परवाना हवा असेल तर हे प्रशिक्षण घेणे आवश्यक ठरले. सार्वजनिक ठिकाणच्या एईडी यंत्रांची नोंद ठेवली गेली, म्हणजे आपत्कालीन फोन घेणारा माणूस ‘जवळचे यंत्र अमुक दुकानाच्या भिंतीवर आहे’ असे सांगू शकतो. नंतर तर प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या मोबाइलवर जवळच्या घटनेची सूचना जाऊ लागली.

परिणाम मोजला गेला. २००१ मध्ये डेन्मार्कमध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्णांची छाती जवळच्या सामान्य माणसाने दाबली होती. २०१० मध्ये हे प्रमाण ४४.९ टक्क्यांवर गेले. याच काळात तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर पोहोचले. यात अ‍ॅम्ब्युलन्स आणि रुग्णालयीन उपचारांतील सुधारणांचाही वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिप्पट वाढ ही थट्टेची गोष्ट नाही आणि तिच्यासाठी कोणताही नवा महागडा शोध लागला नव्हता. शाळेतल्या मुलांना, परवाना काढायला आलेल्या तरुणांना एक कसब शिकवले गेले, इतकेच.

युरोपीय फुटबॉल महासंघाने २०२१ चा आपला अध्यक्षीय पुरस्कार केअर आणि त्या दिवशीच्या वैद्यकीय पथकाला दिला. पुरस्कारासाठी गोल करणाऱ्याऐवजी कोसळलेल्याला वाचवणारे निवडले गेले, ही गोष्ट खेळाच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे.

धोका टीव्हीसमोरही आहे

युरो स्पर्धेचा आणि हृदयाचा संबंध मैदानावरच संपत नाही. २२ जून १९९६ रोजी इंग्लंडमध्ये झालेल्या युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सचा संघ फ्रान्सकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. डच संशोधकांनी नंतर त्या दिवसाच्या मृत्यूंची आधीच्या आणि नंतरच्या दिवसांशी तुलना केली. ४५ वर्षे व त्यावरील पुरुषांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू त्या दिवशी सुमारे दीडपट होते, म्हणजे साधारण १४ मृत्यू जास्त. स्त्रियांमध्ये अशी ठळक वाढ दिसली नाही. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरातील पाहणीत जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या २.६६ पट आढळल्या. काही अभ्यासांत असा परिणाम सापडलेला नाही, त्यामुळे फुटबॉल पाहणे धोक्याचे असा सरसकट निष्कर्ष काढू नये. तीव्र ताण, जागरण, सिगारेट, दारू, चुकलेल्या गोळ्या आणि आधीपासून आजारी असलेल्या रक्तवाहिन्या हे सारे एका संध्याकाळी एकत्र आले, की आयुष्यभर साचलेले त्या घटकेला फुटते, एवढाच त्याचा अर्थ.

ही आकडेवारी महत्त्वाची आहे ती दुसऱ्या कारणासाठी. हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना मैदानावर, रस्त्यावर वा विमानतळावर होत नाहीत. त्या घरात होतात. एरिक्सनच्या बाजूला दोन डॉक्टर, एक यंत्र आणि हजारो साक्षीदार होते. टीव्हीसमोरच्या पन्नाशीच्या माणसाजवळ बायको असते, मुलगा असतो, फार तर शेजारी. म्हणजे शिकायचे कुणी, तर त्यांनी.

महाराष्ट्रात पहिली पाच मिनिटे

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य प्राण वाचवले आहेत. पण गाडी कितीही वेगाने आली तरी दादरच्या वाहतुकीतून किंवा मेळघाटच्या घाटातून ती चार-पाच मिनिटांत दारात उभी राहील, अशी अपेक्षाच चुकीची आहे. ती कोपेनहेगनमध्येही नेहमी राहत नाही. म्हणून तर तिथे आधी शेजाऱ्याला शिकवले गेले.

सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात असा रुग्ण बहुधा रिक्षातून, टेम्पोतून, जीपच्या मागच्या सीटवर आडवा घालून आणला जातो. सोबत चार माणसे असतात. सगळ्यांनी धावपळ केलेली असते, सिग्नल तोडलेले असतात. वीस-पंचवीस मिनिटे गेलेली असतात आणि त्यांपैकी एकाही मिनिटात कुणी छाती दाबलेली नसते. त्या माणसांचे प्रेम कमी पडलेले नसते. त्यांना काय करायचे ते कुणी सांगितलेलेच नसते. उलट भलतेच सांगितलेले असते. हृदय बंद पडल्यावर काही रुग्णांचे हातपाय थोडा वेळ झटके देतात. ते पाहून फिट आली असे समजून कांदा नाकाला लावला जातो, चप्पल हुंगवली जाते, दातांत चमचा घातला जातो. काही जण अधूनमधून माशासारखा ‘आ’ करून घरघरत श्वास घेतात. त्यावरून श्वास चालू आहे असे समजून सगळे थांबतात. तो श्वास नसतो, ती मरणाची घरघर असते आणि छाती दाबायला सुरुवात करण्याची तीच वेळ असते.

करायचे ते मोजकेच आहे. पडलेल्या माणसाचे खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर एकाने १०८ ला फोन करून स्पीकर सुरू ठेवावा. दुसऱ्याने रुग्णाला टणक जमिनीवर उताणे करून छातीच्या मधोमध एका तळव्याचा मागचा भाग ठेवावा, त्यावर दुसरा हात, कोपरे सरळ. पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण थकलेला हात वरवर दाबू लागतो. मोठ्या माणसाच्या अचानक कोसळण्यात तोंडाने श्वास दिला नाही तरी चालते. भारतीय भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसांसाठी केलेली ‘कोल्स’ ही पद्धत नुसत्या दाबावरच उभी आहे. लहान मुले आणि बुडालेली माणसे यांना मात्र श्वासही द्यावा लागतो. एईडी यंत्र मिळाले तर ते लावावे. ते स्वतःच बोलून सूचना देते आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.

यावर नेहमीचे तीन आक्षेप येतात. पहिला, बरगडी मोडली तर? मोडू शकते. मोडलेली बरगडी जुळते, मेलेला मेंदू जुळत नाही. दुसरा, पोलीस आणि कोर्टकचेरी मागे लागली तर? रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तसेच स्पष्ट संरक्षण कुठेही कोसळलेल्या माणसाला मदत करणाऱ्यालाही मिळायला हवे. कायद्यात चार ओळींची भर घालण्याचे ते काम आहे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांची ओरड असते, तिथे भिंतीभिंतीवर महाग यंत्रे लावण्याची भाषा शोभते का? या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच क्रम नीट लावला पाहिजे. हात आधी, यंत्र नंतर. हात शिकवायला रबरी पुतळा आणि एक दुपार पुरते. यंत्रे गर्दीच्या आणि धोक्याच्या जागी ठेवावीत: मोठी रेल्वे स्थानके, क्रीडासंकुले, जिम, मोठ्या वसाहती. तीही बॅटरी आणि पट्ट्यांची मुदत तपासणारा माणूस नेमूनच. कुलपात पडलेले, बॅटरी उतरलेले यंत्र हे नसलेल्या यंत्राहून वाईट, कारण ते खोटा भरवसा देते. आणि पैशांचे म्हणाल तर, गावोगावी क्रिकेट-कबड्डीच्या स्पर्धांत कमानी, फ्लेक्स, डीजे आणि पुढाऱ्यांच्या सत्कारावर जे उडवले जाते, त्यातला अगदी लहान वाटा चार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला पुरेल.

वाचलेल्याचे पुढचे आयुष्यही या हिशेबात धरायला हवे. एरिक्सनच्या छातीत आयसीडी नावाचे छोटे यंत्र बसवले आहे. हृदयाची लय पुन्हा विस्कटली तर ते आतूनच शॉक देते. इटलीचे नियम असे यंत्र असलेल्याला तिथल्या लीगमध्ये खेळू देत नाहीत, म्हणून इंटरशी त्याचा करार संपला आणि २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये पुन्हा खेळू लागला. नेदरलँड्सचा डेली ब्लिंड तर २०१९ पासून असे यंत्र घेऊन खेळत होता. एरिक्सन कोसळला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो अ‍ॅमस्टरडॅममध्ये युक्रेनविरुद्ध उतरला आणि मैदान सोडताना त्याला रडू आवरले नाही. असे यंत्र घेऊन खेळावे का, याबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत आणि प्रत्येक रुग्णाचा निर्णय वेगळा असतो. पण हा वाद घालायला माणूस आधी जिवंत राहावा लागतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून एकदा पुतळ्यावर छाती दाबायला शिकवावे आणि तेही पुस्तकातल्या चित्रावरून नव्हे. वाहन परवान्याच्या चाचणीत सिग्नलच्या खुणांबरोबर हे कसबही तपासावे. क्रीडास्पर्धा, मॅरेथॉन आणि जिम यांना परवानगी देताना प्रशिक्षित माणसांची नावे मागावीत. जवळचे एईडी यंत्र कुठे आहे, हे १०८ च्या कक्षाला माहीत असावे. यातली एकही मागणी अवाजवी नाही. डेन्मार्कने त्यातल्या बहुतेक पंधरा-वीस वर्षांपूर्वीच पुऱ्या केल्या.

पुढची युरो स्पर्धा २०२८ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये होईल. सामने भारतात रात्री उशिरा दिसतील, घराघरांत जागरणे होतील. तोवर टीव्हीसमोर बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबात निदान एकाला तरी छाती दाबता यायला हवी. शिकायला एक दुपार लागते. तीही सामना नसलेल्या दिवशी काढता येईल.